फायबर होडीचा मोल्ड आणि जेलकोट : सोलापूरच्या हवेत पाळायची पद्धत

उजनीच्या फुगवट्यात जाळी टाकायला जाणारी चौदा फुटी होडी असो की चंद्रभागेत वारकऱ्यांना फिरवणारी नाव, फायबरची होडी बाहेरून आत बनत जाते. मोल्डच्या (साच्याच्या) आतल्या अंगाला आधी जेलकोट म्हणजे रंगीत रेझिनचा थर लागतो, त्यावर मॅट (काचतंतूंची चादर) आणि रेझिनचे (घट्ट होणाऱ्या राळेचे) थर बसतात. पीस, म्हणजे तयार होडी, मोल्डमधून सुटला की तो पहिला थर होडीचं बाहेरचं अंग होतो. जाडी जेमतेम अर्धा मिलिमीटर. पाणी अडवणं आणि उन्हाचा मारा सोसणं ही दोन्ही कामं एवढ्याशा थरावर असतात.

डब्यावरच्या सूचना साधारण २५ अंश तापमान धरून लिहिलेल्या असतात. सोलापुरात मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये दुपारी ४० च्या वर पारा असतो आणि जानेवारीत पहाटे १५ च्या आसपास. म्हणून इथे जेलकोट बिघडला की आधी कॅटलिस्टच्या (जेलकोट घट्ट करणाऱ्या द्रवाच्या) बाटलीकडे बोट दाखवू नये. कोणत्या वेळी लावला आणि मोल्ड तेव्हा किती तापलेला होता, हे आधी विचारावं. पुढची सगळी मापं ४.२ मीटर म्हणजे चौदा फुटी होडीसाठी आहेत.

क्षेत्रफळ आणि माल

अंदाजाने माल आणू नका. शिंप्याची टेप मोल्डमध्ये आडवी टाका, एका फ्लँजच्या (मोल्डच्या काठाच्या बाहेर वळलेल्या पट्टीच्या) कडेपासून तळातून दुसऱ्या कडेपर्यंत. नाळेजवळ (पुढच्या टोकाला), मध्यात आणि मागे अशी तीन ठिकाणी मापं घ्या आणि सरासरी काढा. या आकाराच्या होडीत ती १.७ मीटरच्या जवळपास येते. ४.२ गुणिले १.७ म्हणजे सव्वासात चौरस मीटरच्या आत, त्यात मागच्या फळीचे साधारण ०.४ मिळवा. साडेसात चौरस मीटर धरून चाला.

रंगीत जेलकोटचं एक लिटर साधारण १.२ किलो भरतं. अर्ध्या मिलिमीटरपेक्षा थोडा जास्त थर हवा असेल तर चौरस मीटरला ६५० ते ७०० ग्रॅम लागतात. बादलीला आणि ब्रशला चिकटून राहणारा माल धरून ७५० ग्रॅम पकडा. म्हणजे ६ किलो जेलकोट. तो आयसोफ्थॅलिक (आयसो) जातीचा हवा, शक्यतो एनपीजी (निओपेंटिल ग्लायकॉल) असलेला. ऑर्थो जातीचा जेलकोट पाण्याच्या टाकीच्या झाकणाला किंवा साइनबोर्डला चालतो, पण महिनोन्‌महिने पाण्यात राहणाऱ्या तळाला चालत नाही. पाणी हळूहळू आत झिरपतं आणि एक-दोन हंगामांत थराखाली फोड येतात.

बाकी माल असा : एमईकेपी कॅटलिस्ट २०० ग्रॅम, कार्नोबा मोल्ड वॅक्स अर्धा किलो, पीव्हीए (वॅक्सवर फवारायचा, पाण्यात विरघळणारा पडदा) पाऊण लिटर, ३०० ग्रॅमची चॉप्ड मॅट पावणेतीन किलो आणि पहिल्या थरासाठी आयसो रेझिन ७ किलो. हत्यारांत मऊ केसांचे ३ आणि ४ इंची ब्रश, बुडबुडे काढायचा खाचांचा लोखंडी रोलर, १ ग्रॅमपर्यंत दाखवणारा काटा, सुई काढलेली २० मिलिची सिरिंज आणि टेम्परेचर गन. टेम्परेचर गन महागडी चैन वाटते, पण या गावात ती ब्रशइतकीच गरजेची आहे.

डब्यावरची बनवल्याची तारीख बघूनच डबा घ्या. २५ अंशाला तीन-चार महिने टिकणारा जेलकोट तापलेल्या गोदामात त्याच्या निम्मेही दिवस टिकत नाही. झाकण उघडल्यावर वर साय धरलेली दिसली किंवा काठीला गुठळ्या लागल्या तर तो माल परत करा. गाळून वापरायचा मोह टाळा.

नवा मोल्ड असेल तर

प्लग, म्हणजे ज्यावरून मोल्ड घेतात तो होडीचा नमुना, कसा घडवायचा हा वेगळा आणि मोठा विषय आहे. इथे एवढंच की प्लगवर जे राहतं ते मोल्डमध्ये उतरतं आणि तिथून प्रत्येक होडीत. ट्यूबलाइट आडवी धरून प्लगच्या अंगावरून तिचं प्रतिबिंब सरकवा. रेघ कुठे मोडली तर तिथे पुट्टी कमी-जास्त आहे. उभ्या बाजूंना आत दोन-तीन अंशांचा उतार असू द्या आणि आतले-बाहेरचे कोपरे निदान ५ मिलिमीटर गोल करा. काटकोनी कोपऱ्यात मॅट बसत नाही, मागे पोकळी राहते. होडीची कड वरून आत वळलेली असेल तर एकसंध मोल्डमधून पीस निघणारच नाही. मोल्ड कण्यावर (तळाच्या मधल्या रेषेवर) दुभागून मधे फ्लँज आणि बोल्ट द्यावे लागतात.

मोल्डला साधा जेलकोट लावू नका. मोल्डसाठीचा टूलिंग जेलकोट घ्या, शक्यतो व्हिनिल इस्टरचा, होडीच्या रंगापेक्षा एकदम वेगळा : काळा, हिरवा किंवा नारिंगी. पांढरी होडी करताना काळ्या मोल्डमध्ये पातळ राहिलेली जागा लगेच डोळ्यात भरते. इथे जाडी ०.८ ते १ मिलिमीटर हवी, दोन थरांत. जेलकोटमागचा मोल्डचा मॅट-रेझिनचा भाग होडीच्या अंगापेक्षा निदान दुप्पट-तिप्पट जाड करा, आणि तो दिवसाला एक-दोन थर असा चढवा. घाईत सगळी मॅट एका दिवसात मारली तर रेझिन तापतं, आकसतं आणि मोल्ड वाकतो. लोखंडी पाइपची चौकट बसवायची ती मोल्ड पूर्ण घट्ट झाल्यावर, पण प्लगवरून सोडण्याआधी.

सोडल्यावर मोल्ड आठ-दहा दिवस राहू द्या. नाक आत घातल्यावर स्टायरिनचा (रेझिनमधल्या उडून जाणाऱ्या द्रवाचा) वास जोरात येत असेल तर मोल्ड अजून कच्चा आहे. कच्च्या मोल्डमधून निघणारं स्टायरिन वॅक्स मऊ करतं, आणि पहिला पीस चिकटण्याचं ते नेहमीचं कारण आहे.

मोल्डची तयारी

आधी साबणाच्या पाण्याने धुवून जुना पीव्हीए काढा. सोलापुरात बोअरचं पाणी जड असतं. ते मोल्डवर वाळलं की क्षाराचे पांढरे गोल डाग राहतात, वॅक्सखाली दबतात आणि जेलकोटवर खडबडीत ठिपके उमटवतात. शेवटची धुणी जारच्या पाण्याने करा आणि पाणी वाळायच्या आत पुसून घ्या.

मोल्ड कोरडा झाला की हात फिरवून तपासा. चरे, टवके, वॅक्स साचून दुधाळ झालेल्या जागा खडूने फ्लँजवर खुणावून ठेवा, आतल्या अंगाला खडू लावू नका. टवका असेल तर टूलिंग जेलकोटने भरायचा. त्या थरावर चिकटपट्टीचा प्लास्टिक कागद दाबला तर हवा लागत नाही आणि तो वरूनही घट्ट होतो. मग वॉटर पेपर : ६००, ८००, १०००, १२०० या क्रमाने, लाकडी किंवा रबरी ठोकळ्यावर गुंडाळून. नुसत्या बोटांनी घासलं तर बोटांखाली खोलगट पट्टे पडतात. एक नंबर आडवा, पुढचा उभा घासला की आधीच्या नंबरचे चरे गेले की नाहीत ते दिसतं. पाणी वरचेवर बदला. बादलीच्या तळाशी बसलेला एक खडा अख्ख्या दिवसाचं काम बिघडवतो.

१२०० नंतर रबिंग कंपाउंड. इथे गाड्यांचं पॉलिश चालत नाही, कारण बहुतेकांत सिलिकॉन असतं. सिलिकॉन आलं की जेलकोट त्या जागेवरून मागे सरतो आणि गोल खड्डे पडतात, माशाच्या डोळ्यांसारखे.

इथेच कापडाची गोष्ट येते. या गावात टॉवेलची कात्रणं आणि चिंध्या किलोवर स्वस्तात मिळतात, म्हणून शेडमध्ये तीच पुसायला वापरली जातात. पण टॉवेलला मऊपणा यावा म्हणून फिनिशिंगमध्ये सॉफ्टनर चढवतात आणि त्यात अनेकदा सिलिकॉनच असतं. नवं कोरं कात्रण ॲसिटोनमध्ये बुडवून मोल्डवर फिरवलं म्हणजे सिलिकॉन सगळीकडे पसरवला. टॉवेलचे धागे सुटून चिकटतात ते वेगळंच. जुनं सुती धोतर किंवा वापरून विरलेली चादर डिटर्जंटमध्ये दोनदा धुवा, फॅब्रिक कंडिशनर अजिबात घालू नका, वाळवून चौकोनी तुकडे करा आणि झाकणाच्या डब्यात ठेवा. खळ असलेलं नवं मांजरपाटही नको, त्याने बारीक चरे पडतात.

आता वॅक्स. नव्या मोल्डला सहा हात, जुन्या रुळलेल्या मोल्डला दर पीसमागे एक. अर्धा मीटर बाय एक मीटरचा तुकडा घ्या, त्यापेक्षा मोठा नको. स्पंजने गोल फिरवत अगदी पातळ थर लावा. पाच-दहा मिनिटांत धुरकट झाला की एका कापडाने पुसा, लगेच दुसऱ्या स्वच्छ कापडाने चमक येईपर्यंत घासा. पहिले तीन हात तासातासाच्या अंतराने द्या आणि रात्रभर सोडा. पुढचे तीन दुसऱ्या दिवशी. घाईत एकावर एक दिलेले हात एकमेकांना विरघळवतात. सहा दिले तरी मोल्डवर एकाच हाताएवढं वॅक्स उरतं. वॅक्सचं काम सावलीत आणि सकाळी करावं. चाळीस अंशात तापलेल्या मोल्डवर ते पसरतं, पुसलं जात नाही आणि पट्टे राहतात.

जाड वॅक्स म्हणजे जास्त सुरक्षा, ही समजूत चुकीची आहे. न पुसलेलं वॅक्स जेलकोटमध्ये उमटतं, धुरकट डाग पडतात आणि होडीला नंतर रंगाची दुरुस्ती करायची वेळ आली तर ती धरत नाही.

तपासणी सोपी आहे. मास्किंग टेपचा वीतभर तुकडा मोल्डवर अंगठ्याने दाबा आणि ओढा. तो कुठेही न धरता सुटला पाहिजे. कणा, नाळेचा कोपरा, मागच्या फळीचे दोन कोपरे आणि फ्लँज इथे हमखास ही परीक्षा घ्या, कारण घासताना हात तिथेच कमी पोहोचतो. टेप चिकटली तर त्या भागाला आणखी दोन हात.

नव्या मोल्डच्या पहिल्या तीन-चार पिसांना वॅक्सवर पीव्हीएही द्या. हा पाण्यात विरघळणारा पातळ पडदा असतो, निळा किंवा हिरवा. छोट्या गनने आधी धुक्यासारखा हलका फवारा, पाच मिनिटांनी दुसरा, मग एक ओला एकसारखा हात. साडेसात चौरस मीटरला अर्धा ते पाऊण लिटर पुरतो. ब्रशने लावला तर ब्रशच्या रेघा होडीवर दिसतात. गन नसेल तर बारीक स्पंजने एका दिशेने ओढा. उन्हाळ्यात वीस मिनिटांत वाळतो. पावसाळ्यात तासभरही लागतो, आणि वरून कोरडा वाटला तरी कोपऱ्यात साचलेला थेंब ओलाच असतो. बोटाला गार लागला तर अजून थांबा. ओल्या पीव्हीएवर जेलकोट पडला की तिथे सुरकुत्या येतात.

घड्याळ

मोल्डच्या अंगाचं तापमान १८ ते ३२ अंशांत हवं. हवेचं नव्हे, मोल्डचं. काळा मोल्ड दरवाजातून आलेल्या उन्हाच्या पट्ट्यात सहज ५० च्या पुढे जातो आणि हाताच्या अंतरावरचा सावलीतला भाग ३४ ला असतो. एकाच मोल्डमध्ये एक बाजू दहा मिनिटांत जेल होते (दाट होऊन धरते), दुसरी अर्ध्या तासाने. म्हणून टेम्परेचर गनने सहा-सात ठिकाणी बघा आणि सर्वांत जास्त आकड्यावर निर्णय घ्या.

मार्च ते मे : जेलकोट सकाळी साडेपाच ते सात. मोल्ड रात्रभर थंड झालेला असतो. आठ-साडेआठला मॅटचा पहिला थर सुरू करून दहाच्या आत रोलर खाली ठेवायचा. संध्याकाळ बरी वाटते, पण पत्रा आणि भिंती रात्री आठपर्यंत तापलेल्या राहतात. छपरावर ओली पोती टाकली किंवा शेडनेट ताणली तर सकाळचा तासभर वाढतो. याच महिन्यांत वाऱ्याबरोबर काळ्या मातीची धूळ येते. आदल्या संध्याकाळी फरशीवर पाणी मारा, दरवाजावर प्लास्टिकचा पडदा सोडा. शेजारी यंत्रमागाचा कारखाना असेल तर सुताची उडती धूळ मोल्डवर बसते. जेलकोटच्या आधी कोरड्या स्वच्छ कापडाने हलका हात फिरवायला विसरू नका.

जून ते सप्टेंबर : सकाळी मोल्डला दव धरलेलं असतं. दहाच्या नंतर अंग कोरडं आणि हवेपेक्षा थोडं उबदार झाल्यावरच सुरुवात करा. सप्टेंबरात इथे पावसाचा जोर असतो, तेव्हा आभाळ भरून आलं असेल तर काम दुसऱ्या दिवसावर टाका. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा सगळ्यात चांगला काळ. फक्त डिसेंबर-जानेवारीत अकराच्या आत हात घालू नका आणि चारच्या आत मॅटचा थर पुरा करा, नाहीतर रात्रीच्या गारठ्यात तो कच्चा राहतो. नव्या मोल्डचं काम या महिन्यांतच काढावं.

कॅटलिस्ट

आधी विचारून घ्या की तुमच्या जेलकोटमध्ये कोबाल्ट (कॅटलिस्टचं काम सुरू करून देणारं द्रव) आधीच घातलेला आहे का. बहुतेकात असतो. साध्या रेझिनला अनेकदा तो वरून घालावा लागतो. कोबाल्ट म्हणजे जांभळं द्रव, कॅटलिस्ट म्हणजे पाण्यासारखं स्वच्छ. ही दोन्ही एकमेकांत थेट कधीही, थेंबभरही मिसळायची नाहीत. तसं झालं तर ते पेट घेतं, स्फोटही होतो. कोबाल्ट रेझिनमध्ये घालून पूर्ण ढवळायचा, त्यानंतरच कॅटलिस्ट. दोघांसाठी वेगवेगळ्या सिरिंज, दोघांची कपाटं वेगळी.

प्रमाण वजनाने धरा. मोल्ड २० ते २५ अंशांत असेल तर दर किलोला २० ग्रॅम, २५ ते ३० मध्ये १५ ते १८, ३० ते ३२ मध्ये १२ ते १५. सिरिंजने मोजायचं तर १५ ग्रॅम म्हणजे सुमारे १३ मिलि आणि २० ग्रॅम म्हणजे सुमारे १७ मिलि. डब्यावर कंपनीने वेगळं दिलं असेल तर तेच खरं. १ टक्क्याच्या खाली आणि ३ टक्क्यांच्या वर कधीही जाऊ नका. मेच्या दुपारी कॅटलिस्ट कमी करून वेळ वाढवायची युक्ती सर्रास चालते. वरून घट्ट दिसतं, पण थर आतून कधीच पुरा पिकत नाही. वर्षभरात रंग खडूसारखा हाताला लागायला लागतो. उष्णतेवरचा उपाय म्हणजे वेळ बदलणं. जास्त कॅटलिस्टनेही तेवढंच नुकसान होतं : थर ठिसूळ आणि पिवळसर होतो.

रंगाची पेस्ट घालायची असेल तर ८ ते १० टक्के, आणि सगळ्या ६ किलोमध्ये एकाच वेळी. बादलीबादलीत रंग कालवला तर होडीच्या दोन बाजू दोन छटांच्या होतात. कॅटलिस्ट मात्र दीड किलोच्या घाण्यालाच, म्हणजे एका वेळी कालवायच्या मालालाच. दोन मिनिटं सावकाश ढवळा, काठ आणि तळ खरवडत. ड्रिलला रवी लावून घुसळलं तर हवा शिरते आणि तीच नंतर सुईच्या भोकांच्या रूपात दिसते. पातळ करायला ॲसिटोन किंवा थिनर घालू नका. तो थरात अडकतो आणि जागा सच्छिद्र करतो.

डोळ्यांना चष्मा लावल्याशिवाय कॅटलिस्टची बाटली उघडू नये. एक थेंब बुबुळाला कायमची इजा करतो. उडालाच तर त्या क्षणी स्वच्छ पाण्याने निदान पंधरा मिनिटं डोळा धूत राहा, मग दवाखाना. पाण्याची भरलेली बादली कामाच्या जागी हाताशी ठेवा. नळ शोधायला धावायची वेळ नसते. कॅटलिस्ट ३० अंशांच्या खाली, अंधारात, मूळ बाटलीतच ठेवा. स्टायरिनची वाफ सुमारे ३१ अंशांपासून पेट घेऊ शकते, म्हणजे सोलापूरच्या उन्हाळ्यात दिवसभर. शेडमध्ये बिडी, वेल्डिंग, ग्राइंडर काहीच नको. कॅटलिस्ट पुसलेल्या चिंध्या आपोआप पेटतात, त्या पाण्याच्या वेगळ्या बादलीत बुडवा. कापडाच्या मास्कने वाफ अडत नाही. सेंद्रिय वाफेचा कार्ट्रिज असलेलाच मास्क हवा.

लावणं

छोट्या शेडमध्ये ब्रशनेच काम होतं आणि नीट केलं तर चांगलं होतं. पहिला घाणा तळात, म्हणजे कण्यापासून सुरू करून वर. ब्रश रंगासारखा ओढू नका. भरून घ्या, ठेवा आणि हलक्या हाताने पसरवा. ओढला की थर पातळ होतो आणि ब्रशच्या खाचांतून मोल्ड दिसतो. पहिला हात लांबीच्या दिशेने, चौरस मीटरला साधारण ३५० ग्रॅम. एक मीटर लांबीच्या भागात किती माल जायला हवा ते आधी काट्यावर तोलून वेगळं काढलं की मीटरमागे जाडी आपोआप सांभाळली जाते. जाडी मोजायचा कंगवा असेल तर ओल्या थरात उभा दाबून बघा : दोन्ही हात मिळून ०.५ ते ०.६ मिलिमीटर.

पहिला हात जेल होऊन बोटाला चिकट लागला, पण बोटावर रंग आला नाही, की दुसरा हात आडव्या दिशेने. याच्या आधी दिला तर दुसऱ्या थरातलं स्टायरिन पहिल्याला फुगवतं आणि मगरीच्या कातडीसारख्या सुरकुत्या पडतात. फार उशिरा दिला तर दोन थर नीट सांधत नाहीत. तीस अंशाच्या आसपास ही वेळ बहुधा अर्धा ते पाऊण तासाने येते, पण घड्याळापेक्षा बोटावर विश्वास ठेवा.

गन असेल तर अडीच ते तीन मिलिमीटरचं नोझल, साठेक पीएसआय दाब आणि मोल्डपासून हातभर अंतर. तीन फेऱ्यांत थर पुरा करा, प्रत्येक फेरी आधीच्या आडवी, मधे थोडंसंच थांबत. एकाच फेरीत जाड मारलं तर हवा आत अडकते, बाजूंवरून ओघळ येतात. कंप्रेसरच्या टाकीतलं पाणी आणि तेल सुरू करण्याआधी सोडा. हवेतून आलेला तेलाचा थेंबही माशाचे डोळे पाडतो.

जेलकोट लागल्यावर लोक बाजू तपासतात आणि तळ विसरतात. स्टायरिनची वाफ हवेपेक्षा जड असते, ती होडीच्या तळात डबक्यासारखी साचते आणि तिथलं जेल होणं लांबवते. बाजू तयार, तळ कच्चा, आणि मॅट मारली की सुरकुत्या नेमक्या कण्यावर. जेल धरल्यावर छोटा पंखा फ्लँजजवळ ठेवून वाफ हळू बाहेर जाऊ द्या. जोराचा पंखा थेट ओल्या थरावर सोडू नका, स्टायरिन उडून जातं आणि वरची साय आधी धरते.

पहिली मॅट

कण्याजवळ नखाने दाबा. खूण पडते, चिकट लागतं, बोटावर रंग येत नाही : मॅट मारायची वेळ झाली. हवा लागलेल्या बाजूने जेलकोट मुद्दाम चिकट राहतो, त्यामुळेच रेझिन त्याला धरतं. म्हणून त्यावर ॲसिटोन पुसू नका. त्याच दिवशी मॅट झालीच पाहिजे. उन्हाळ्यात रात्रभर सोडलेला जेलकोट आकसतो आणि कोपऱ्यातून मोल्ड सोडतो. मग कितीही मॅट मारा, तिथे उठाव राहतो.

३०० ग्रॅमचा एकच थर, रेझिन मॅटच्या अडीचपट. चटई विणीची रोव्हिंग इथे कधीच नको, तिची वीण दोन महिन्यांत बाहेरून दिसायला लागते. मॅट कात्रीने न कापता हाताने फाडा, म्हणजे जोडाच्या ठिकाणी कड उठत नाही. कण्याच्या आणि मागच्या फळीच्या कोपऱ्यात आधी रेझिनमध्ये मॅटचे बारीक केलेले तंतू कालवून बोटाने गोलाई भरा. आधी जेलकोटवर रेझिन, मग मॅट, मग ब्रशने टोचत भिजवणं, शेवटी रोलर, मधून कडेकडे. मॅट भिजली की पारदर्शक होते. पांढरा ठिपका दिसला तर खाली हवा आहे. तोच ठिपका उजनीच्या काठावर होडी गोट्यांवर ओढली की अंड्याच्या टरफलासारखा फुटतो. रात्रभर थांबा, दुसऱ्या दिवशी हवा राहिलेल्या जागा कापून भरा आणि मग पुढचे जाड थर.

पीस निघाल्यावर दोष वाचणं

बारीक सुईची भोकं सगळीकडे : ढवळताना हवा शिरली किंवा मोल्ड फार तापलेला होता. एकाच पट्ट्यात भोकं : त्या घाण्यात थिनर पडला किंवा जेलकोट जुना होता. मोठे गोल खड्डे : सिलिकॉन, म्हणजे कापड, पॉलिश किंवा कंप्रेसर तपासा. सुरकुत्या तळात : वाफ साचली. सुरकुत्या कोपऱ्यात : पीव्हीए ओला होता किंवा ब्रश ओढून थर पातळ झाला. पंख्यासारख्या फुटलेल्या बारीक भेगा : थर मिलिमीटरच्या पुढे गेला, किंवा पीस काढताना हातोडा बसला. मॅटचे तंतू उमटलेले : पहिला थर पिकायच्या आत जाड थर चढवले.

थोडी भोकं भरता येतात : ॲसिटोनने पुसा, त्याच रंगाचा जेलकोट कॅटलिस्टसह बोटाने घासून भरा, प्लास्टिक कागद दाबा, मग ६०० पासून १२०० पर्यंत घासून कंपाउंड. सुरकुत्यांना मात्र भरून भागत नाही. तो भाग पूर्ण खरवडून नव्याने थर द्यावा लागतो.

शेवटचा थर झाल्यावर पीस निदान दोन दिवस मोल्डमध्ये राहू द्या. फ्लँजच्या कडेला नायलॉनच्या किंवा लाकडी पाचरी दोन्ही बाजूंनी थोड्याथोड्या आत सरकवा आणि फटीतून पाणी सोडा. पाणी पीव्हीए विरघळवत आत जातं आणि होडी उचलून देते. अडली तर रबरी हातोडीने मोल्डच्या मागच्या बाजूला हलके ठोके द्या. लोखंडी पहार लावली की एका होडीसोबत मोल्डही जातो. सुटलेली होडी आठवडाभर सावलीत सपाट आधारावर ठेवूनच पाण्यात सोडा. मोल्ड त्याच दिवशी धुवून, पुसून, वॅक्सचा एक हात देऊन पालथा घाला आणि उन्हापासून दूर झाकून ठेवा.